शंभर डॉलरमागे साडेबासष्ट सेंट

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या मतदारांपुढे ४ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘मेझर ए’ नावाचा प्रस्ताव होता. काउंटीतल्या करपात्र विक्रीवर पाच वर्षांसाठी ०.६२५ टक्के जादा कर बसवावा की नाही, एवढाच प्रश्न. शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबासष्ट सेंट. यातून वर्षाला सुमारे ३३ कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता. हा पैसा लागणार होता मुख्यतः काउंटीची चार सार्वजनिक रुग्णालये चालू ठेवायला. सुमारे ५७ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले आणि १ एप्रिल २०२६ पासून दुकानांच्या पावत्यांवर कराचा दर बदलला.

ही काउंटी म्हणजेच सिलिकॉन व्हॅलीचा गाभा. लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास. ॲपलचे मुख्यालय क्युपर्टिनोत, गूगलचे माउंटन व्ह्यूमध्ये, एनव्हिडियाचे सांता क्लारा शहरात. सनीव्हेल-क्युपर्टिनोच्या भागात मराठी कुटुंबे पिढी-दोन पिढ्यांपासून राहत आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४ सालचे अधिवेशन याच काउंटीतल्या सॅन होजे शहरात भरले होते. अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांत जिची गणना होते, तिला रुग्णालयांसाठी लोकांपुढे हात पसरावा लागतो, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते. त्यामागचा कार्यकारणभाव मात्र सरळ आहे. तो कळायला आधी रुग्णालयात जावे लागते, मग करकायद्यात.

बॅस्कम ॲव्हेन्यूवरचे ‘व्हॅली मेड’

सॅन होजेच्या बॅस्कम ॲव्हेन्यूवर सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटर आहे. स्थानिक लोक त्याला ‘व्हॅली मेड’ म्हणतात. काउंटी रुग्णालय म्हणून त्याचा इतिहास १८७६ पर्यंत मागे जातो. गंभीर अपघातातल्या जखमींसाठी सर्वोच्च दर्जाचे ट्रॉमा केंद्र, भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग, मणक्याला किंवा मेंदूला इजा झालेल्यांना पुन्हा उभे करणारा पुनर्वसन विभाग, अशा खर्चिक आणि फारसा नफा न देणाऱ्या सेवा इथे एकवटल्या आहेत.

काउंटीने रुग्णालय चालवावे का, हा कॅलिफोर्नियात निव्वळ धोरणाचा प्रश्न नाही. ज्याला दुसरा कोणताही आधार नाही अशा गरजू रहिवाशाची जबाबदारी काउंटीची, असे राज्याच्या कल्याण संहितेचे कलम १७००० सांगते. त्यावर केंद्राचा १९८६ सालचा कायदा आहे: तातडीच्या विभागात आलेल्या कुणालाही, पैसे असोत-नसोत, तपासावेच लागते आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. हा हक्क सांगणारी पाटी प्रतीक्षागृहात लावणे बंधनकारक आहे. कायदा दार उघडे ठेवायला लावतो. बिल कोण भरणार याबद्दल तो गप्प आहे.

चांगल्या नोकरीतल्या, कंपनीचा विमा असलेल्या माणसाला सहसा असे वाटते की ही रुग्णालये ‘त्यांच्यासाठी’ आहेत, आपल्यासाठी नाहीत. रोजच्या आजारांपुरते ते खरे असते. पण १०१ नंबरच्या हायवेवर मोठा अपघात झाला, तर जखमीला कुठे न्यायचे ते विम्याचे कार्ड पाहून ठरत नाही. जखम किती गंभीर, जवळचे ट्रॉमा केंद्र कोणते, यावर ॲम्ब्युलन्सची दिशा ठरते. भाजलेल्या रुग्णाचेही तसेच. त्यामुळे व्हॅली मेडचा एखादा विभाग बंद पडला तर त्याचा फटका विमावाल्यांनाही बसतो, फक्त तो एरवी दिसत नाही.

विकत घेतलेली तीन रुग्णालये

काही वर्षांपूर्वीपर्यंत काउंटीकडे हे एकच रुग्णालय होते. आज चार आहेत. उरलेली तीन काउंटीने बांधली नाहीत, विकत घेतली, आणि तीही अडचणीच्या वेळी.

पहिल्या दोनांची खरेदी २०१९ ची. व्हेरिटी हेल्थ ही रुग्णालयांची साखळी दिवाळखोरीत गेली. सॅन होजेतले ओकॉनर आणि गिलरॉयमधले सेंट लुईस ही रुग्णालये त्या साखळीतली. काउंटीने सुमारे २३.५ कोटी डॉलर मोजून ती घेतली. यांपैकी सेंट लुईसची गोष्ट वेगळी. गिलरॉय हे काउंटीच्या दक्षिण टोकाचे, लसणासाठी प्रसिद्ध असलेले शेतीचे गाव. तिथे आणि शेजारच्या मॉर्गन हिल परिसरात आंतररुग्ण सेवा देणारे रुग्णालय हे एकच. ते बंद झाले असते, तर छातीत दुखू लागलेल्या शेतमजुराला हायवेच्या गर्दीतून सॅन होजे गाठावे लागले असते. सिलिकॉन व्हॅली म्हटल्यावर शेतमजूर डोळ्यांपुढे येत नाही, पण तो आहे, आणि त्याचे रुग्णालय काउंटीच्या हिशेबात आहे.

तिसरे रुग्णालय पूर्व सॅन होजेतले रीजनल मेडिकल सेंटर. हा भाग कष्टकऱ्यांचा. मेक्सिकन आणि व्हिएतनामी वस्ती दाट. रीजनल हे एचसीए या देशातल्या बड्या नफाधारित रुग्णालय कंपनीच्या मालकीचे होते. याच कंपनीने २००४ मध्ये शहराच्या मध्यातले सॅन होजे मेडिकल सेंटर बंद केले होते, तेव्हापासून पूर्वेकडचा भार रीजनलवर होता. पुढे २०२० मध्ये तिथला प्रसूती विभाग गेला आणि २०२४ मध्ये ट्रॉमा सेवेला कात्री लागली. लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. शेवटी काउंटीने १५ कोटी डॉलरला रुग्णालयच विकत घेतले आणि १ एप्रिल २०२५ रोजी ताबा घेतला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ जुलै २०२५ रोजी, वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर सही झाली.

पैसा येतो कुठून

सार्वजनिक रुग्णालय म्हणजे स्थानिक करावर चालणारे रुग्णालय, असा समज असतो. सांता क्लारात तसे नाही. या रुग्णालयांच्या कमाईचा कणा आहे मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा केंद्र आणि राज्य यांचा सामाईक विमा. कॅलिफोर्नियात त्याला ‘मेडी-कॅल’ म्हणतात. एवढ्या श्रीमंत काउंटीतही दर चार रहिवाशांमागे साधारण एक जण मेडी-कॅलवर आहे. घरभाडे भरून हाती काही उरत नाही अशा माणसांची संख्या तिथे मोठी आहे: पाळणाघरातल्या बाया, हॉटेलांतले स्वयंपाकी, कार्यालयांची झाडलोट करणारे, गाड्या चालवणारे.

मेडी-कॅलच्या नेहमीच्या लाभार्थीसाठी खर्चाचा निम्मा वाटा केंद्र उचलते. ओबामांच्या काळात योजनेचा विस्तार झाला, तेव्हा सामील झालेल्या प्रौढांसाठी ९० टक्के. राज्याचा वाटा पूर्णपणे राज्याच्या तिजोरीतूनच येतो असेही नाही, आणि इथे एक चमत्कारिक पण कायदेशीर फिरवाफिरव आहे. काउंटी आपले पैसे राज्याकडे पाठवते. राज्य ते आपला वाटा म्हणून दाखवते. त्यावर केंद्राची जोड मिळते आणि वाढलेली रक्कम सार्वजनिक रुग्णालयाकडे परत येते. म्हणजे स्थानिक डॉलर हा नुसता एक डॉलर नसतो. योग्य खिडकीतून गेला तर तो आणखी एक-दोन घेऊन येतो. उलट, तोच हाताशी नसेल तर केंद्राचा वाटाही हुकतो. हे गणित फारसे कुणी समजावून सांगत नाही, कारण ते सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा संशय वाढतो.

४ जुलैच्या कायद्याने, ज्याला त्याच्या कर्त्यांनी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ असे नाव दिले, याच यंत्राचे निरनिराळे स्क्रू आवळले. विस्तारातल्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवाकार्य केल्याचा पुरावा द्यायचा. ही अट २०२७ च्या आरंभापर्यंत लागू व्हायची. त्यांच्या पात्रतेची तपासणी वर्षातून एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी. रुग्णालयांना नेहमीच्या दराखेरीज मिळणाऱ्या वाढीव रकमांवर मर्यादा, आणि आधी मंजूर झालेल्या रकमांत २०२८ पासून टप्प्याटप्प्याने कपात. कामाच्या अटीने नाव कटते ते बहुतेक वेळा काम नसल्यामुळे नव्हे, कागद वेळेवर न पोचल्यामुळे. नाव कटलेला माणूस आजारी पडायचा थांबत नाही. तो उशिरा येतो, तातडीच्या विभागातून येतो, आणि त्याच्या मागे विमा नसतो.

काउंटीने आपला हिशेब मांडला: सगळे बदल लागू झाल्यावर दरसाल १ अब्ज डॉलरहून अधिक तूट. मेझर एमधून अपेक्षित रक्कम या तुटीच्या फार तर एक तृतीयांशाइतकी. प्रस्ताव मांडणाऱ्यांनीही तो पूर्ण उपाय म्हणून कधी मांडला नाही.

गरज एकीकडे, कायद्याची वाट दुसरीकडे

मग विक्रीकरच का? श्रीमंतांच्या काउंटीत श्रीमंतीवर कर का नाही? याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत आहे. तिथल्या काउंटीला कर निवडायचे स्वातंत्र्य जवळपास नाही.

प्राप्तिकर काउंटीच्या हातात नाही. मालमत्ता कर आहे, पण १९७८ मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या घटनादुरुस्तीने तो बांधून टाकला. दर मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत, आणि घर विकले जाईपर्यंत मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. म्हणून १९८५ मध्ये घेतलेल्या घराचा मालक आजही त्या जुन्या किमतीवर आधारलेला कर भरतो, आणि शेजारचे तसेच घर गेल्या वर्षी घेतलेले जोडपे त्याच्या कितीतरी पट. नव्याने घर घेतलेल्या मराठी इंजिनिअरांच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो. कर्जरोखे काढून मालमत्ता करावर जादा आकार बसवता येतो, पण तो इमारतींसाठी आणि दोन तृतीयांश मतांनी. व्हॅली मेडला भूकंपसुरक्षित करण्यासाठी २००८ मध्ये ८४ कोटी डॉलरचे रोखे असेच मंजूर झाले. त्या पैशातून भिंत उभी राहते. परिचारिकेचा पगार देता येत नाही.

उरला विक्रीकर. त्यालाही दोन रूपे. कर एका ठरावीक कामासाठी राखून ठेवला तर तो ‘विशेष कर’. काउंटीच्या मंडळाने मांडला असेल तर त्याला दोन तृतीयांश मते लागतात. सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल तर ‘सर्वसाधारण कर’. त्याला साधे बहुमत पुरते. म्हणजे पैसा रुग्णालयांनाच देऊ असे बांधून घेतले, तर जिंकणे अवघड. बांधून घेतले नाही, तर सोपे. कायद्याच्या या रचनेत लोकांना ठाम वचन देणाऱ्याला दंड आहे, हे मान्य करावेच लागते.

सांता क्लाराला हा धडा स्वतःच्या अनुभवातून मिळालेला आहे. १९९२ मध्ये रस्ते आणि वाहतुकीसाठी अर्धा टक्का विक्रीकर तिथल्या ५४ टक्के मतदारांनी मंजूर केला होता. हा विशेष कर आहे, दोन तृतीयांश मते हवी होती, असे सांगून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो रद्द केला. पुढच्याच वर्षी काउंटीत दोन प्रस्ताव शेजारी-शेजारी आले. एकात कर, सर्वसाधारण. दुसऱ्यात फक्त सल्ला: असा पैसा आला तर तो या-या रस्त्यांवर खर्चावा. दोन्ही मंजूर झाले आणि न्यायालयात टिकले. ही जोडी पुढे राज्यभर नमुना ठरली.

मेझर ए सर्वसाधारण कर होता. प्रपोझिशन २१८ नुसार असा कर मंडळाच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबरच मतदानाला ठेवावा लागतो. अपवाद एकच: मंडळाने एकमताने आणीबाणी जाहीर केली तर. पाच सदस्यांच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने ऑगस्ट २०२५ मध्ये तेच केले. पाचांपैकी एकाने जरी हात वर केला नसता, तर प्रश्न २०२६ पर्यंत लांबला असता. राजकारणात एकमत बहुधा शोभेसाठी असते. इथे ती कायदेशीर अट होती.

पंचाहत्तर शब्दांचा प्रश्न

कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी मतपत्रिका टपालाने येते. सोबत माहितीपुस्तिका. बरेच लोक जेवणाच्या टेबलावर बसून, एकेक प्रस्ताव वाचत, शाईने रकाना भरतात आणि पाकीट सही करून पेटीत टाकतात. त्या दिवशीच्या मतपत्रिकेवर काउंटीच्या मालमत्ता मूल्यनिर्धारकाची निवडणूक होती आणि मतदारसंघांच्या फेररचनेचा राज्यव्यापी, देशभर गाजलेला प्रपोझिशन ५० होता. रुग्णालयांचा कर या गर्दीत होता.

मतपत्रिकेवरचा प्रश्न पंचाहत्तर शब्दांत बसवावा लागतो. त्यात कराचा दर, मुदत आणि वर्षाला येणारी रक्कम सांगणे सक्तीचे. उरलेल्या जागेत ट्रॉमा, तातडीची सेवा, मानसिक आरोग्य अशी उद्दिष्टे येतात, ‘सारख्या’ या शब्दाच्या आधाराने. त्या एका शब्दात सर्वसाधारण कराची सगळी लवचीकता सामावलेली असते. पुस्तिकेत काउंटीच्या वकिलांनी केलेले तटस्थ विश्लेषण असते; मग बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी तीनशे शब्दांपर्यंतचे युक्तिवाद, आणि अडीचशे शब्दांपर्यंतची प्रत्युत्तरे.

प्रचाराची मर्यादाही कडक. काउंटी सरकारी पैशातून माहिती देऊ शकते, ‘होय म्हणा’ असे सांगू शकत नाही. न्यायालयाने हा नियम १९७६ सालीच घालून दिला. म्हणून प्रचार बाहेरून होतो: कामगार संघटना, परिचारिका, डॉक्टर, रुग्णालयांना मदत करणाऱ्या संस्था. विरोध मुख्यतः करदात्यांच्या संघटनांचा होता. त्यांचा आक्षेप साधा आणि खरा होता: हा पैसा रुग्णालयांवरच खर्च होईल असे प्रस्तावात कुठेही बंधन नाही. समर्थकांचे उत्तर: तूट इतकी मोठी आहे की तो दुसरीकडे जाईलच कशाला. दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि इथे होत्या.

काउंटीतल्या हजारो भारतीयांसाठी मात्र हा प्रश्नच नव्हता. एच-वन बी व्हिसावरचा इंजिनिअर मत देऊ शकत नाही. ग्रीन कार्ड मिळाले तरी नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत वर्षे जातात. तोवर तो प्रत्येक करपात्र खरेदीवर हा कर भरत राहतो.

पावतीवर काय दिसते

सॅन होजेत विक्रीकराचा एकूण दर ९.३७५ वरून १० टक्के झाला; काउंटीच्या बहुतेक इतर गावांत ९.१२५ वरून ९.७५. किराण्यातले पीठ, दूध, भाजी यांवर विक्रीकर नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतलेल्या औषधांवरही नाही. उपाहारगृहातल्या गरम जेवणावर आहे. केस कापणे, वकिलाची फी अशा सेवांवर आणि घरभाड्यावर नाही. हजार डॉलरच्या फोनवर नव्या कराचे सव्वासहा डॉलर. चाळीस हजारांच्या गाडीवर अडीचशे. गाडी शेजारच्या काउंटीत जाऊन घेतली तरी सुटका नाही, कारण ती जिथे नोंदवली जाते तिथला दर लागतो. ऑनलाइन खरेदीलाही माल जिथे पोचतो तिथला.

विक्रीकर गरिबावर अधिक पडतो, हा जुना आणि रास्त आक्षेप. पगाराचा मोठा भाग वस्तूंवर खर्च होणाऱ्याला त्याच्या कमाईच्या मानाने जास्त भरावे लागते. इथे एक गोष्ट त्याची धार थोडी कमी करते: कॅलिफोर्नियात कंपन्याही आपल्या वापराच्या बऱ्याच वस्तूंवर विक्रीकर भरतात. कार्यालयातली टेबले, संगणक, डेटा सेंटरमधले सर्व्हर. सिलिकॉन व्हॅलीत ही खरेदी किरकोळ नसते. तरीही गिलरॉयचा शेतमजूर स्वतःच्या रुग्णालयासाठी स्वतःच्या बुटांवर कर भरतो, हे त्यामुळे बदलत नाही.

पैसा दुकानदाराकडून थेट काउंटीकडे जात नाही. विक्रेते तो राज्याच्या करखात्याकडे भरतात, खाते काउंटीचा वाटा परत पाठवते. तो सर्वसाधारण निधीत पडतो, आणि तिथून रुग्णालयांना किती द्यायचे ते दरवर्षी जूनच्या अंदाजपत्रकात पाच सदस्य ठरवतात.

इतरांनी काय केले

शेजारच्या अलामेडा काउंटीने, म्हणजे ओकलंड आणि फ्रेमाँटच्या, दुसरी वाट धरली होती. तिथे २००४ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर आरोग्यसेवेसाठीच राखून मतदानाला ठेवला गेला, आणि ७१ टक्के मते मिळवून दोन तृतीयांशाचा उंबरठा ओलांडला. त्यातला तीन चतुर्थांश पैसा सार्वजनिक रुग्णालयांना, उरलेला दवाखाने आणि इतर सेवांना. २०१४ मध्ये मतदारांनी त्याची मुदत २०३४ पर्यंत वाढवली. वाटणी कायद्यात लिहिलेली असल्याने तिथे विश्वासाचा प्रश्न कमी येतो. मात्र ७१ टक्के दरवेळी मिळतात असे नाही. सांता क्लारातले ५७ टक्के अलामेडाच्या वाटेवर पराभव ठरले असते.

लॉस एंजेलिस काउंटीने २००२ मध्ये ट्रॉमा केंद्रे वाचवण्यासाठी विक्रीकराला हातच लावला नाही. बांधकामाच्या दर चौरस फुटाला ३ सेंट असा आकार मागितला आणि ७३ टक्क्यांनी मिळवला. मूल्यावर नव्हे, क्षेत्रफळावर कर, त्यामुळे प्रपोझिशन १३ च्या मर्यादेला बगल. मोठ्या इमारतींच्या मालकांवर भार अधिक, हा त्याचा गुण.

टेक्ससमध्ये रचनाच निराळी. तिथे रुग्णालयांसाठी स्वतंत्र जिल्हा असतो आणि त्याला स्वतःचा मालमत्ता कर. डलासच्या पार्कलँड रुग्णालयाची नवी इमारत २००८ मध्ये मंजूर झालेल्या ७४.७ कोटी डॉलरच्या रोख्यांच्या आधाराने उभी राहिली. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीने २०२३ मध्ये अडीच अब्जांचे रोखे मंजूर केले. सरकार लहान असावे असे मानणाऱ्या राज्यात हे घडते, याचे नवल वाटते खरे. पण घरपट्टीच्या बिलावर रुग्णालयाची ओळ वेगळी छापलेली असते, आणि आपला पैसा कुठे जातो ते तिथे नावानिशी दिसते.

सांता क्लाराचा कर ३१ मार्च २०३१ ला संपतो. वाढीव रकमांमधली केंद्राची कपात २०२८ मध्ये सुरू होऊन पुढे वाढत जाणारी आहे, म्हणजे कर बंद होईल तेव्हा तूट कमी झालेली असेल असे मानायला आधार नाही. कर चालू ठेवायचा तर मतदारांची संमती पुन्हा लागेल. याच काउंटीने २०१२ मध्ये एक अष्टमांश टक्क्याचा विक्रीकर दहा वर्षांसाठी लावला होता; त्याच्या मतपत्रिकेवरचे अक्षरही ‘ए’च होते. मुदत भरायच्या चार वर्षे आधी, २०१८ मध्ये, मतदारांनी तो पुढे चालू ठेवला.